टीव्हीखालचं कॅबिनेट : पारखून घेताना

पारनेरला कॉम्प्युटर जोडून देण्याचा आणि बिघडलेले सुधारून देण्याचा माझा धंदा. शाळा, पतसंस्था, झेरॉक्सवाले यांची मशिनं हे रोजचं काम. मधूनच एखादं वेगळं गिऱ्हाईक येतं. त्याला हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवायला कॉम्प्युटर हवा असतो. टीव्हीच स्मार्ट झाल्यावर ही मंडळी संपतील असं सगळे म्हणत होते, पण ती संपली नाहीत. आमच्या तालुक्यातल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईला असतं. जत्रेला ही मंडळी गावी येतात ती हार्ड डिस्क खिशात घालून. त्यात लग्नाच्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेलं चित्रीकरण असतं, जत्रेतले तमाशे असतात, कुठल्याही ॲपवर न सापडणारे सिनेमे असतात. शिवाय वाऱ्यावावधानात नेट गेलं की स्मार्ट टीव्हीचं शहाणपण तिथेच थांबतं. कॉम्प्युटर मात्र दिलेली फाइल मुकाट लावतो.

यातलं सॉफ्टवेअर येतं नि जातं. मायक्रोसॉफ्टने २००२ साली एक्सपीची खास मीडिया सेंटर आवृत्ती काढली आणि २०१५ला विंडोज १० आणताना मीडिया सेंटरच वगळून टाकलं. एक्सबीएमसी नावाचा फुकट प्लेअर २०१४मध्ये कोडी झाला, तो अजून चालतो. मदरबोर्ड, रॅम, डिस्क काही वर्षांनी बदलावीच लागतात. सगळ्यांत जास्त टिकतं ते कॅबिनेट, आणि नेमकं तेच लोक मोबाइलवर फोटो बघून मागवतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला उभं राहून ते हातात घेऊन बघणारे कमीच. फोटोत दिसत नाही ते सांगावं म्हणून हे लिहितोय.

१. आधी शोकेस मोजा

आपल्याकडे टीव्हीभोवती सुताराने जागेवर बनवलेलं शोकेस असतं. पुढे सरकती काच, मागे ठोकलेला प्लाय, खण पंधरा-सोळा इंच खोल. आडव्या कॅबिनेटची रुंदी बहुधा ४३० ते ४४० मिलिमीटर, म्हणजे सतरा इंचांच्या आसपास असते. ॲम्प्लिफायर आणि डेकची जी रुंदी चालत आली, तीच यांनी उचलली. रुंदीचा प्रश्न सहसा येत नाही. गोची होते ती मागे. कंपनी जे माप देते ते नुसत्या पत्र्याचं. त्याच्या मागे एचडीएमआयची पिन बाहेर येणार, तिची वायर वळणार, एसएमपीएसची, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याची, जाड कॉर्ड येणार. याला तीन इंच सोडा. चौदा इंची कॅबिनेट सोळा इंची खणात कागदावर बसतं, प्रत्यक्षात बसत नाही. मग कुणीतरी ते रेटून बसवतं. पुढची काच लागते, पण सगळा ताण एचडीएमआयच्या सॉकेटवर येतो आणि वर्षाच्या आत चित्र लुकलुकायला लागतं.

सुताराला बोलावून मागचा प्लाय कापून घ्या. वायरीपुरतं भोक नको, कॅबिनेटच्या रुंदीएवढी खिडकीच हवी. शोकेसचं रूप जातं अशी तक्रार घरातून येईल. ती ऐकून घ्यायची आणि प्लाय कापायचा.

२. तोंडाला भुलू नका, पाठ बघा

घासून चमकवलेला ॲल्युमिनियमचा दर्शनी पत्रा, मधोमध एक गोल बटण. शोकेसमध्ये ठेवल्यावर दिसणार एवढंच, त्यामुळे लोक एवढंच बघतात. हवा कुठून येते आणि कुठून जाते, हे मात्र पाठीवर आणि पोटावर लिहिलेलं असतं.

हिशेब करून बघा. सिनेमा लावणारा साधा कॉम्प्युटर चालताना पन्नास-साठ वॅट ओढतो. एवढी उष्णता बाहेर काढताना हवा दहा अंशांनी तापू दिली, तर मिनिटाला दहा-अकरा घनफूट हवा पुरते. हा आकडा किरकोळ आहे. १२० मिलिमीटरचा पंखा रमतगमत फिरला तरी याच्या दुप्पट हवा सहज हलवतो. म्हणजे पंख्याची ताकद कमी पडते असं सहसा होत नाही. होतं असं की बाहेर फेकलेली गरम हवा खणातच घुटमळते आणि पंखा तीच पुन्हा आत ओढतो.

म्हणून ज्या कॅबिनेटचे पंखे डाव्या-उजव्या कुशीत आहेत, ते उघड्या टेबलावर छान चालतं आणि शोकेसमध्ये गुदमरतं. कुशीच्या जाळीला समोर एका इंचावर प्लायची भिंत मिळते. मला पटतं ते असं : हवा पुढून किंवा खालून आत, मागून बाहेर, आणि मागे आपण कापून घेतलेली खिडकी.

एसएमपीएसचा पंखा कुठे तोंड करून बसतो तेही बघा. त्याला स्वतःची वेगळी जाळी असेल, कुशीतून किंवा तळातून, तर तो बाहेरची गार हवा घेतो. जाळी नसेल तर तो आतलीच हवा ओढतो, म्हणजे प्रोसेसरने तापवलेली. डब्यात तापायला आणि बिघडायला सगळ्यांत आधी तयार असलेल्या भागाला उरलेली गरम हवा पाजायची, हे डिझाइन मला कधीच कळलं नाही.

दुकानात चालू मशीन असेल तर माझी पद्धत सोपी आहे. उदबत्ती पेटवतो आणि कॅबिनेटच्या प्रत्येक जाळीजवळ हळूहळू फिरवतो. धूर जिथे सरळ आत खेचला जातो ती खरी आत यायची वाट. मागून बाहेर येणारा धूर वळसा घालून कुशीतून परत आत शिरताना दिसला की ते कॅबिनेट मी खाली ठेवतो. दुकानदार हसतो, हसू दे.

३. वरची जाळी आणि क्रोशाचा रुमाल

गरम हवा वर जाते, म्हणून प्रोसेसरच्या बरोबर वर झाकणाला भोकं पाडायची, ही कल्पना कागदावर निर्दोष आहे. ती करणाऱ्याने आपलं घर पाहिलेलं नसतं. आपल्याकडे कुठलीही सपाट वस्तू मोकळी राहत नाही. आठवड्याभरात त्या झाकणावर सेट-टॉप बॉक्स येतो, त्यावर रिमोट, महिन्याभरात लग्नाचा अल्बम. आणि घरात विणकाम करणारी मावशी असेल तर क्रोशाचा पांढरा रुमाल. माझ्याकडे ‘आपोआप बंद पडतंय’ म्हणून आलेल्या अशा मशिनींचं निदान घरी जाऊन रुमाल उचलल्यावर होतं.

जुन्या घरांची गोष्ट आणखी वेगळी. पारनेर भागात धाब्याची घरं अजून आहेत. लाकडी दांड्या-फळ्यांवर पांढरी माती चोपलेली. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असतो, पण वरून बारीक माती सतत झरत राहते. लोक छताला खालून कापड बांधतात ते त्यासाठीच. अशा घरात वरची जाळी म्हणजे मदरबोर्डवर माती पडायला केलेली चाळणी. कॉम्प्युटर बंद असतानाही ती पडत राहते.

माझा कौल असा : झाकण बंद हवं. वर जाळी हवीच असेल तर ती मागच्या कडेला, पंख्यावरची हवी, आणि त्या कॅबिनेटला शोकेसमधला सगळ्यांत वरचा खण देऊ नये. मधल्या खणात फळी डोक्यावर आली की वर सामान ठेवायला जागाच उरत नाही.

४. धूळ

सुप्याजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. वारा इथे फुकट आहे आणि वाऱ्याबरोबर माती. माघ-फाल्गुनात रानं मोकळी झाली की मृगापर्यंत घरात कितीही झाडा, संध्याकाळी टीपॉयवर बोट ओढलं की रेघ उठते.

हवा आत घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जोरात असले की कॅबिनेटच्या आत दाब किंचित जास्त राहतो. मग फटीफटींतून हवा बाहेर पडते, धूळ आत येत नाही. आत यायची वाट एकच राहते, आणि त्या वाटेवर जाळी बसवायची. बाहेर फेकणारा एकच पंखा लावून दिलेलं स्वस्त कॅबिनेट याच्या बरोबर उलटं वागतं. यूएसबीच्या सॉकेटमधून, डीव्हीडी ड्राइव्हच्या फटीतून, जिथून जमेल तिथून धूळ ओढतं. डीव्हीडीची काच आंधळी होते ती त्यामुळे.

जाळी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ती काढायची कशी ते करून बघा. पुढून ड्रॉवरसारखी सरकून निघाली तर पंधरा दिवसांनी कुणीतरी ती धुईल. कॅबिनेट खणातून बाहेर काढून, उलटं करून, चार स्क्रू काढल्यावर निघत असेल तर ती दिवाळीलाही कुणी धुणार नाही. तळाची जाळी बहुतेक वेळा मागे सरकणारी का करतात, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. मागे तर सगळ्या वायरी!

देवघर हॉलमध्येच असेल तर आणखी एक बाब. उदबत्ती-धुपाचा आणि स्वयंपाकघरातल्या फोडणीचा धूर तेलकट असतो. त्याने धूळ चिकट होते, ब्रशने झटकून निघत नाही. जाळी नायलॉनची असावी, साबणाच्या पाण्यात धुता येते. स्पंजची जाळी दोन उन्हाळ्यांत भुगा होऊन पंख्यात जाते.

५. अर्थिंग

याच्याबद्दल कॅबिनेटच्या कुठल्याही जाहिरातीत ओळ नसते.

कान्हूर पठारच्या बाजूच्या एका गुरुजींचा एप्रिलमध्ये फोन आला. “अहो, डब्याला हात लागला की मुंग्या येतात. नातवंडं घाबरलीत.” जाऊन कॅबिनेटच्या स्क्रूला टेस्टर लावला तर दिवा लागला. गुरुजींना वाटलं, आत वायर सोलली आहे. तसं काही नव्हतं. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून पत्र्याला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. अर्थिंग नीट असलं की त्यांच्यातून झिरपणारा प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग तुटलं की पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० व्होल्टच्या निम्म्यावर, ११५च्या आसपास. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशात, म्हणून झटका बसत नाही, नुसत्या मुंग्या येतात. पण हे ते कपॅसिटर धड आहेत तोवरच.

बोर्डात तिसरी वायर होती. ती अंगणातल्या पाइपापर्यंत गेलीही होती. खड्ड्यात मीठ-कोळसा घातलेला, सगळं रीतसर. पाइपाजवळची माती उकरली तेव्हा दिसलं की मिठाने बोल्ट खाल्ला होता आणि वायर गंजून नुसती टेकून उभी होती. टोक घासून, नवीन लग लावून आवळलं. दिवा विझला. मग गुरुजींनी खड्ड्यात पाणी ओतलं तेही बरोबरच केलं. मुंग्यांपुरता प्रवाह कोरड्या मुरमातूनही वाहून जातो, पण खरोखर फेज पत्र्याला लागली तर फ्यूज उडवण्याएवढा प्रवाह कोरडी जमीन जाऊ देत नाही. आमच्या पर्जन्यछायेच्या तालुक्यात उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घालणं आणि घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवणं, ही दोन्ही कामं कॉम्प्युटरच्या आधीची आहेत. अर्थिंगची भारतीय संहिता आयएस ३०४३ या नावाने आहे. वायरमनने ती निदान चाळलेली असावी.

कॅबिनेटचा यात संबंध असा. एसएमपीएस ज्या स्क्रूंनी पत्र्याला बसतो, त्या जागी रंगाचा जाड थर असेल तर पत्र्याला अर्थ मिळतो तो नुसत्या स्क्रूच्या आट्यांतून. ॲल्युमिनियमची चकचकीत दर्शनी पट्टी ॲनोडाइझ केलेली असते आणि तो थर वीज वाहू देत नाही. म्हणजे पाठ अर्थिंगला आणि तोंड अधांतरी, असं होऊ शकतं. चांगल्या कॅबिनेटला झाकणाच्या कडेला, सांध्यांवर मुद्दाम रंग न दिलेल्या जागा किंवा छोट्या स्प्रिंगसारख्या पितळी जिभा असतात. कारखान्यात कुणीतरी डोकं वापरल्याची ती खूण.

मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक कॉर्डच्या जाड पिनेला, दुसरं आळीपाळीने झाकणाला, दर्शनी पट्टीला, पुढच्या यूएसबीच्या कवचाला. रंगावर नव्हे, जिथे धातू उघडा आहे तिथे टेकवा. सगळीकडे बीप आली की कॅबिनेट पास. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि एचडीएमआय लावताना दोन्हीकडची बटणं बंद करा. टीव्हीला बहुधा दोनच पिना असतात, केबलवाल्याची वायर कुठल्या कुठे अर्थ झालेली असते. पत्रा ११५ व्होल्टवर लटकत असताना पिन खोचली की ठिणगी पडते आणि पोर्ट जातो. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की बटण बंद करणं पुरत नाही, पिनाच उपटून ठेवा, केबलचीसुद्धा.

६. आवाज बहुधा पंख्याचा नसतो

रात्री घर शांत झालं, सिनेमात दोन माणसं हळू बोलताहेत आणि खणातून घूंऽऽ ऐकू येतंय. सगळे पंख्यावर आळ घेतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते. तो थरकाप पातळ पत्र्यातून पायांत, पायांतून प्लायच्या फळीत उतरतो आणि फळी ढोलकीच्या पुडीसारखी वाजते. डिस्क ज्या चौकटीत बसते तिला रबराचे वायसर आहेत का बघा. पायांना जाड रबर आहे का बघा. प्लॅस्टिकच्या पायांवर चांदीचा वर्ख दिलेला असतो तो फसवा.

तपासायची युक्ती : चालू मशीनच्या झाकणावर मधोमध तळहात ठेवून हलकेच दाबा. आवाज बदलला तर झाकण वाजतंय, पत्रा पातळ आहे किंवा सांधा ढिला.

पंख्यांबद्दल एवढंच की मोठा घ्या. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ ८०च्या पंख्याच्या सव्वादोनपट. तेवढीच हवा तो बऱ्याच कमी फेऱ्यांत देतो, आणि पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. कानाला हा फरक फार मोठा आहे. बसक्या, देखण्या कॅबिनेटमध्ये १२०चा पंखा मावत नाही म्हणून ८०चे दोन देतात, आणि ते रात्रभर किणकिणतात. बसकेपणाची ही किंमत आहे.

७. पत्रा आणि आटे

सुपा एमआयडीसीमुळे आमच्या भागात प्रेसवर, पावडर कोटिंगला काम केलेली पोरं गल्लोगल्ली आहेत. पत्रा पारखायचा तर त्यांच्यापैकी एकाला बरोबर न्या. तो आधी आतल्या कडेवरून बोट फिरवतो. धार लागली, बर राहिलेली असली, की नाक मुरडतो. कडा दुमडून घेतलेली असेल तर हात कापत नाही आणि पत्र्यालाही ताठपणा येतो. २२ गेजचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटरचा, तो चालतो. त्याहून पातळ असेल तर दोन्ही कोपरे धरून पीळ देऊन बघा. पिळलं गेलं तर झाकण एकदा काढल्यावर पुन्हा नीट बसणार नाही.

कॅबिनेटमध्ये दोन जातींचे स्क्रू असतात. जाड आट्यांचे झाकणाला आणि मोठ्या हार्ड डिस्कला, बारीक आट्यांचे एसएसडीला आणि डीव्हीडी ड्राइव्हला. घाईत एकाच्या जागी दुसरा आवळला की आटे मरतात. मदरबोर्डखालचे पितळी ठोकळे पत्र्यात पक्के बसवलेले हवेत, बोर्ड काढताना स्क्रूबरोबर गरागरा फिरणारे नकोत.

८. ज्याचं सामान नगरला मिळतं ते घ्या

छोटं ते सुंदर असं एक खूळ आहे. मिनी-आयटीएक्स हा १७० बाय १७० मिलिमीटरचा बोर्ड व्हिआ कंपनीने २००१ला आणला, तेव्हापासून चपलेच्या खोक्याएवढ्या कॅबिनेटांची रांग लागली. दिसायला गोड. पण त्यातलं एसएमपीएस एसएफएक्स नावाच्या छोट्या मापाचं, १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर. आमच्याकडे लाइटचं काही खरं नसतं. जाते, येते, येताना वाढीव येते. जळलं तर पहिलं एसएमपीएसच जळतं. साधं एटीएक्स मापाचं एसएमपीएस नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं, तोंडात बसायला वेळ लागेल) कुठल्याही दुकानात मिळतं, अडीनडीला माझ्या फळीवरही असतं. छोट्या मापाचं मागवावं लागतं, आणि ते येईपर्यंत जत्रा होऊन पाहुणे मुंबईला परत गेलेले असतात.

कार्डांचंही तेच. फार बसक्या कॅबिनेटला निम्म्या उंचीचं कार्ड लागतं, ज्याची पट्टी जेमतेम ८० मिलिमीटरची. पूर्ण उंचीची १२०. टीव्ही ट्यूनर, साउंड कार्ड, जे काही जुन्या बाजारात मिळतं ते बहुतेक पूर्ण उंचीचं. म्हणून माझी शिफारस मायक्रो-एटीएक्सचा, २४४ मिलिमीटर चौरस बोर्ड आणि साधं एटीएक्स एसएमपीएस घेणाऱ्या, सहा इंचांच्या आसपास उंच कॅबिनेटची. ते थोडं थोराड दिसतं, पण कुठलाही भाग मेला तरी दुसऱ्या दिवशी उभं राहतं.

इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर एक टीप. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात. पॉवर फॅक्टर सुधारणारी नवी एसएमपीएस त्यावर गुरगुरतात, काही वेळा बंद पडतात. इन्व्हर्टर साइन वेव्हचा घ्या. आणि जुन्या कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसच्या पाठीवर लाल बटण असेल तर ते २३०वर आहे याची खात्री केल्याशिवाय पिन खोचू नका. ११५वर राहिलेलं बटण एकदाच चूक करू देतं.

९. डोळा, दिवे, अँटेना

रिमोटचा प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोटच्या टोकाकडे बघितलं तर बहुधा दिसतो. तो धातूतून जात नाही, गडद ॲक्रिलिकमधून जातो. दर्शनी पट्टीत अशी खिडकी नसेल तर नंतर डोळा चिकटवत बसावं लागतं. वाय-फायचंही तसंच. पत्र्याच्या पेटीत अँटेना बंद करून उपयोग नाही, मागे तिच्यासाठी भोकं हवीत. बिनवायरी कीबोर्डचा तुकडा मात्र पुढे, साध्या यूएसबी २च्या पोर्टात लावा. यूएसबी ३च्या पोर्टातला गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो, हे इंटेलनेच २०१२ साली कागदावर मांडलं आहे. पुढे दोन्ही पोर्ट यूएसबी ३चे असलेलं कॅबिनेट या कामाला अर्धवट समजा.

निळा दिवा. अंधारात सिनेमा बघताना डोळ्यांत घुसणारा निळा दिवा कुठल्या डोक्यातून निघाला? माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांनी त्यावर काळी टेप लावलेली आहे. पुढचा अक्षरांचा पडदाही घेऊ नका, गाण्याचं नाव टीव्हीवर दिसतंच. नव्या विंडोजला त्याचा ड्रायव्हर मिळाला नाही की तो कायमचा काळा तुकडा होऊन बसतो.

१०. पाल

मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या मोडून काढायच्या असतील तर एकदा मोडल्यावर भोक उघडं राहतं. ऊब असते, अंधार असतो, पाल येतेच. स्क्रूने परत लावता येणाऱ्या पट्ट्या असलेलं कॅबिनेट घ्या.

११. बिनपंख्याच्या कॅबिनेटबद्दल

धूळ नको, आवाज नको, तर पंखाच नको, हा विचार चांगला आहे आणि त्यासाठी बाहेरून जाड पन्हाळीदार ॲल्युमिनियमची कॅबिनेटं मिळतात. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळ्यांनी कुशीत नेतात, कुशीतून ती हवेत जाते. या कॅबिनेटांची सगळी मदार खोलीतल्या हवेवर. कंपनी अमुक वॅटपर्यंत चालेल म्हणते तेव्हा तिच्या मनातली खोली गार असते. आमचा मे महिन्यातला दुपारचा हॉल चाळिशीच्या घरात असतो. हार्ड डिस्कची मर्यादा बहुधा ६० अंश, म्हणजे हातात उरले वीस. बंद काचेच्या खणात ते तासाभरात संपतात.

३५ वॅटचा प्रोसेसर, आत फक्त एसएसडी, खण चारही बाजूंनी मोकळा, असं असेल तर मी बिनपंख्याचं कॅबिनेट डोळे मिटून सुचवतो. धाब्याच्या घरातल्या झरणाऱ्या मातीला त्याच्याइतकं चांगलं उत्तर दुसरं नाही. बंद शोकेस, मोठी हार्ड डिस्क आणि दुपारी पोरांचे सिनेमे असतील तर नको. पैसे दुप्पट जातील आणि वर एक पंखा ठेवावा लागेल.

ऑनलाइन मागवण्याआधी निदान तेच किंवा त्याच्या जातीचं एखादं कॅबिनेट दुकानात जाऊन बघा आणि दुकानदाराला झाकण उघडायला सांगा. आतून बघायला नाही म्हणाला तर शेजारच्या दुकानात जा. मल्टिमीटर नसेल तर माझा घेऊन जा, संध्याकाळी परत आणून द्या.